पॅरिससाठी आलेली कढी

मी पेटी बोलतेय. जरा जवळ या, कारण माझा भाता करपलाय आणि मोठ्याने बोलायला गेले की आधी शिट्टी येते. हार्मोनियम म्हणा, बाजा म्हणा, पण आमच्या सुमित्राबाई मला पेटीच म्हणतात. रागावल्या की 'ए बये' म्हणतात.

माझा जन्म पहाडगंजच्या एका गल्लीतला. ज्याने मला घडवलं तो पट्ट्या घासता घासता बिड्या ओढायचा, म्हणून अजूनही उन्हात तापले की माझ्या पोटातून बिडीचा वास येतो. सुमित्राबाईंचे यजमान तेव्हा सरकारी नोकरीत, सोलापूरहून दिल्लीला बदलून आलेले. मराठी ख्रिस्ती मंडळी इनमीन पंधरा-वीस घरं. देऊळ, म्हणजे चर्च, बांधायची ऐपत कुणाची? फरीदाबादला मोटारींच्या सुट्या भागांच्या दुकानामागे पत्र्याचं एक शेड भाड्याने घेतलं, सतरंज्या अंथरल्या, भिंतीवर लाकडी क्रूस टांगला. झालं आमचं चर्च. बाहेर पाटी नाही. मालकाने शेड गोदाम म्हणून दाखवलेलं, तो म्हणायचा, "गाना गाओ, पर धीरे."

धीरे कसलं! सुमित्राबाईंनी काळी दोनच्या पट्टीत सूर धरला की पत्रा थरथरायचा. बाई शाळेत गेलेल्या नाहीत. पण एकदा ऐकलेलं गाणं त्यांच्या बोटांतून परत कधी गेलं नाही. रविवारच्या भक्तीला पाळकसाहेब, म्हणजे आमचे धर्मगुरू, उशिरा आले तर चालायचं, मी उशिरा आलेली चालायची नाही. असा माझा मान होता. मला त्या मानाची सवय लागली, तिथेच घात झाला.

एका नाताळाच्या आदल्या रविवारी संध्याकाळी सगळे ढोलकी घेऊन घरोघरी गाणी म्हणायला निघाले. शेडच्या दारावर कागदाचा चांदणी-कंदील होता, त्यात दिव्यांची स्वस्त माळ. माळ भडकली, कंदील पेटला, पडदा पेटला, सतरंज्या पेटल्या. सुमित्राबाई शाल विसरली म्हणून परत आल्या होत्या. शाल राहिली आत. त्यांनी मला कानाला धरून ओढावं तशी कडीला धरून ओढत बाहेर आणलं. तोवर माझा भाता एका बाजूने करपला होता. मग पत्र्याचं छप्पर खाली बसलं.

रडलं कोण? रस्त्यावरचे लोक फोन वर धरून उभे होते. एक जण म्हणाला, "कोई नहीं, गोदाम है." आमच्यातलं कुणी तोंड उघडून म्हणालं नाही, की गोदाम नाही हो, देवाचं घर आहे आमचं. मालक अडचणीत येईल, उद्या कुणी भाड्याने जागाही देणार नाही, म्हणून सगळे मुकाट्याने घरी गेले. शेजारच्या चड्ढाबाईंनासुद्धा सुमित्राबाई बोलल्या नाहीत.

घरी आल्यावर त्यांनी मला एकदाच उघडलं. भाता हलवला आणि एक सूर जो अडकला तो थांबेचना. पट्टी सोडली तरी रडतोय आपला, रडतोय. बाईंनी धाडकन झाकण लावलं. त्यांचा मुलगा विक्रांत म्हणाला, "आई, जाऊ दे ना यार. मंडळीसाठी कीबोर्ड घेऊ."

कीबोर्ड आला. मी बाल्कनीत गेले, वॉशिंग मशीनच्या शेजारी. त्या कीबोर्डात एक बटण आहे म्हणे, दाबलं की मोठ्या चर्चमधल्या बाजासारखा आवाज येतो. माझ्या जागी कोण बसलं तर एक बटण! जळणारच ना मी? आणि माझ्यावर काय बसलं, तर चड्ढाबाईंनी भेट दिलेली गोभी-गाजराच्या लोणच्याची बरणी. ऊन चांगलं लागतं म्हणे तिथे.

पण खरी आग मला लागली ती दोन हजार एकोणीसच्या एप्रिलात. ईस्टरच्या आधीचा दुःखसप्ताह चालू होता. सकाळी टीव्ही लावला आणि सगळे हातातलं काम टाकून त्याच्यासमोर जमले. पॅरिसचं ते शेकडो वर्षांचं कॅथेड्रल रात्री पेटलं होतं. मी बाल्कनीच्या काचेतून बघत होते. उंच मनोरा वाकला आणि पडला. रस्त्यावर माणसं गुडघ्यांवर बसून गात होती, रडत होती. फोन तिकडेही वर धरलेले होते, पण धरणारेही गाण्यात सूर मिळवत होते.

विक्रांतने ऑफिसच्या ग्रुपवर हात जोडल्याचं चित्र पाठवलं. सून विनया म्हणाली, "हनिमूनला गेलो तेव्हा पाहिलं होतं ना आपण!" आणि डोळे पुसले. तिच्या सासरचं चर्च जळलं त्या रात्री मला घरी आणलं, तेव्हा ती सोफ्याची कव्हरं धूत होती, मी पाहिलंय. आणि सुमित्राबाई? त्या पदर तोंडाला लावून हमसून हमसून रडत होत्या. पॅरिस कुठल्या दिशेला आहे हेही त्यांना ठाऊक नाही.

बातमीत सांगितलं, तिथला मोठा बाजा, ऑर्गन म्हणतात तो, वाचला. आठ हजारांच्या आसपास नळ्या, सगळ्या शाबूत! जगाने सुस्कारा सोडला. वाचले तर मीही होते हो. माझ्यासाठी कुणी सुस्कारासुद्धा सोडला नाही.

वर त्या दुपारी बेल वाजली. चड्ढाबाई, हातात डबा. आमच्याकडे दुःखाच्या घरी चूल पेटवत नाहीत, शेजारीपाजारी पिठलं-भात आणून देतात, हे त्यांना सुमित्राबाईंनीच कधीतरी सांगितलेलं. त्या म्हणाल्या, "बहनजी, आपका चर्च जल गया, टीवी पे देखा. मेरा तो कलेजा हिल गया. पिठलं मुझे आता नहीं, कढी-चावल लाई हूँ."

सुमित्राबाईंनी डबा घेतला. चड्ढाबाईंच्या खांद्यावर डोकं ठेवलं. घरात सगळ्यांनी कढी खाल्ली. सात समुद्रांपलीकडच्या त्या बाजाच्या नावाने! माझ्या वाट्याची कढी, माझ्या वाट्याचा खांदा, सगळं त्याने नेलं. तेव्हापासून मी त्याचा हेवा करते. पाच वर्षं मनापासून केला. बाल्कनीत दुसरं काम काय होतं?

मग परवाचा डिसेंबर आला. विक्रांतची बदली गुडगावला झाली. चौदाव्या मजल्यावरचा फ्लॅट, लहान बाल्कनी. सामान बांधायला घेतलं. विक्रांत म्हणाला, "आई, पेटीचं काय? दुपारी भंगार न्यायला कबाडीवाला येतोय."

"बघू," सुमित्राबाई म्हणाल्या.

या 'बघू'चा अर्थ मला कळतो. जुन्या मिक्सरलाही त्या 'बघू'च म्हणाल्या होत्या, आणि तो आता भंगाराच्या ढिगात होता.

तो रविवार होता, आणि टीव्हीवर पुन्हा तेच कॅथेड्रल! उघडलं म्हणे पुन्हा, पांढरंशुभ्र, नव्यासारखं. आणि काय बघते, तिथले धर्मगुरू त्या बाजासमोर उभे राहून त्याला हाक मारतायत, जागा हो म्हणून! आणि तो उत्तर देतोय, गडगडाटासारखं. मला वाटलं, झाली आता हद्द. याची झोपसुद्धा जगाने मोडायची, आणि मला उठवायला येतोय तो कबाडीवाला.

बेल वाजली. कबाडीवाला नाही, चड्ढाबाई. हातात बर्फीचा डबा.

"बधाई हो बहनजी! आपका चर्च खुल गया!"

सुमित्राबाई बघत राहिल्या आणि हसायला लागल्या. हसता हसता खाली खोक्यावर बसल्या. "अहो चड्ढाभाभी, वो हमारा नहीं है. वो तो परदेस में है. हमारा तो इधरीच था, पुर्ज्यों की दुकान के पीछे. पत्रेवाला. वो जल गया, उसको सात साल हुआ."

"वो गोदाम?"

"गोदाम नहीं था."

चड्ढाबाईंचा हात डब्यावरच राहिला. "हाय रब्बा! और उस दिन मेरे कंधे पे..."

"उस दिन हमारेवाले के लिए रोई," सुमित्राबाई म्हणाल्या. "तिकडचं छप्पर पडलं ना, तर मला आपला पत्राच दिसला. कोई पूछा नहीं था, तो रोना बाकी रह गया था."

मी बाल्कनीत ऐकत होते. पाच वर्षं मी ज्या रडण्यावर जळले, ते माझंच होतं! मग ती कढीही माझीच की.

"कुछ बचा?" चड्ढाबाईंनी विचारलं.

सुमित्राबाईंनी बाल्कनीकडे बोट दाखवलं. चड्ढाबाई आल्या, बघितलं, कपाळावर हात मारला. "इसपे मेरा अचार रखवाया आपने? पाप लगाओगी मुझे!" त्यांनी बरणी उचलली, आपल्या ओढणीने माझं झाकण पुसलं. तेलाचा गोल डाग काही गेला नाही.

सुमित्राबाई माझ्यासमोर खाली बसल्या. गुडघे कुरकुरले. झाकण उघडून म्हणाल्या, "ऊठ गं बये, पाहुणी आलीय."

भाता हलला. आधी मी खोकले. मग शिट्टी. मग तोच सूर अडकला, तोच, थांबेचना. विक्रांत दारात आला, "आई, अगं बंद कर, कबाडी खाली..."

"त्याला म्हणावं मिक्सर ने."

आणि या खेपेला त्यांनी झाकण लावलं नाही. तो अडकलेला सूर तसाच वाजू दिला, तंबोऱ्यासारखा, आणि त्याच्याच आधाराने नाताळचं एक जुनं गाणं धरलं. काळी दोन नव्हे, सूर अडकला होता तिथून. आवाज म्हातारा, माझा त्याहून म्हातारा. चड्ढाबाईंनी टाळ्या धरल्या, त्याही चुकीच्या ठिकाणी. त्या दिवशी धीरे कुणी म्हणालं नाही.

आता मी गुडगावला आहे, हॉलमध्ये. भाता नवा घालायचा म्हणतायत. तो सूर मात्र दुरुस्त करू नका, असं सुमित्राबाईंनी बजावलंय. नात रसिका येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, "इसपे कुछ मत रखना, आजी ओरडते."

तुम्हालाही तेवढंच सांगणं. घरात एखादी मुकी पेटी असेल तर तिच्यावर बरणी ठेवू नका.

हेवा गेला का म्हणाल, तर नाही. अजून आहे, करपलेल्या कोपऱ्यात, एवढासा. आठ हजार नळ्या म्हणजे काय गंमत आहे? पण टीव्हीवर तो दिसला की मी मनातल्या मनात त्याला विचारते, बाबा रे, तुला साऱ्या जगाने उठवलं. पण पाहुणी आलीय म्हणून कुणी उठवलं का रे?