नानांची अक्षरं मी पुसली

मी खोडरबर बोलतोय. वाटाण्याएवढा उरलोय, म्हणून कबुली आत्ताच देतो.

आकांक्षाने लालबागच्या दुकानातून मला आणलं तेव्हा मी कोरा, पांढराशुभ्र होतो. तिची दहावी मराठी शाळेत झालेली, अकरावी सायन्स मात्र इंग्रजीतून. गणिताचं पुस्तक उघडलं की तिचा चेहरा पडायचा. तिचे आजोबा गुणाजी, म्हणजे नाना, सातवीपर्यंत शिकलेले गिरणी कामगार. त्यांनी त्या पुस्तकाला जुन्या कॅलेंडरचं कव्हर घातलं. मग रोज ती उठायच्या आत गॅलरीत बसून, मांडीवर डिक्शनरी घेऊन, अवघड शब्दांवर पेन्सिलीने मराठी अर्थ लिहिले. दोन महिन्यांत अख्खं पुस्तक झालं.

एक दिवस वर्गात शेजारच्या फ्लॅवियाने त्यात डोकावलं. ‘फाइंड द मीन’वर लिहिलं होतं, ‘कंजूष शोधा’.

“मग, सापडला का तुमच्या चाळीत?” तिने विचारलं. बेंच हसत सुटला.

आकांक्षा धुमसतच घरी आली. “नाना, गणितात मीन म्हणजे सरासरी. माहीत नसतं तर लिहिता कशाला?”

नाना चपला घालून बाहेर पडले.

तिने मला उचललं. आधी तो ‘कंजूष’ पुसला. तिथे थांबायला हवं होतं. पण राग थांबला नाही, आणि मला थांबता येत नाही. ‘रूट’वरचं ‘मूळ’ बरोबर होतं, तेही मी पुसलं. पानामागून पान. प्रत्येक शब्दागणिक मी झिजत होतो, तरी पुसत होतो.

संध्याकाळी नाना परळहून परतले. हातात दोन्ही बाजूंनी भरलेला कागद.

“विकास मास्तरांनी गणितातले अर्थ सांगल्यानी. पुस्तक हाड. चुकलेले तेवढे बदलया.”

तिने पुस्तक आणून पुढे केलं. नानांनी पानं उलटली. सगळी कोरी.

“नवीन पुस्तक घेतलंस काय गो?”

“हो,” ती म्हणाली.

नानांचा अंगठा कव्हरच्या कोपऱ्यावरून फिरला. कॅलेंडर त्यांचं, घडीही त्यांचीच.

“बरा केलंस,” ते म्हणाले. मग पहिलं पान उघडलं, त्यावरचा माझा चुरा हलकेच झटकला आणि पेन्सिलीला टोक काढू लागले.

मी अजून आकांक्षाच्या मुठीत आहे. मूठ घामाने भिजली आहे. पोरी, मला खिडकीबाहेर फेक हवं तर. पण त्यांनी पहिला शब्द लिहायच्या आत खरं सांग. तुझा तो ‘हो’ मला पुसता येणार नाही.