चौघांचे ऐकणारे बाकडे

मी एक जुने बाकडे आहे, मित्रांनो. अनसिंगच्या जगदेव सुताराने मला बाभळीच्या लाकडातून घडवले आणि घाईघाईत एक पाय आखूड ठेवला. शाळेत पोरांनी माझ्यावर नावे कोरली. पुढे लोखंडी बाके आली नि मी अडगळीत पडले. वाळवी लागायच्या आत दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी मला आपल्या खोलीत नेले. त्या लेकरांच्या मनाचे दुखणे पाहतात.

एकदा तांड्यावरची संगीता आली. तिसरीतली पोर, पण शाळेत तोंडच उघडत नसे. तिला घरापासून लांब, मतिमंद मुलांच्या वसतिगृहात धाडायचे घाटत होते. गुरुजी, बाप, आजी सगळे एकदमच आत घुसले आणि पोरीला विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे मोठेच देऊ लागले. आमच्याकडची ही जुनी खोड! बाईंनी सगळ्यांना बाहेर काढले आणि एकेकाला माझ्यावर बसवले.

गुरुजी म्हणाले, "वर्गात नुसती खिडकीतून रस्ता पाहते. डोकं चालत नाही तिचं."

बाप सेवादास लंगडत आला. ऊसतोडीवर त्याचा पाय मोडला होता. "घरी तं हासते, बोलते. काई नाई झालं तिले."

आजी बेबीबाई कुजबुजली, "टरक दिसला का कान झाकते. बाधा हाय, बाई."

खोटे कोणीच बोलले नाही. पण एकाचेच ऐकले असते, तर पोरीचा घात झाला असता.

शेवटी संगीता बसली. बाईंनी विचारले, "ट्रक दिसला की काय वाटतं गं?"

ती माझा एक खिळा चाचपू लागली. मग म्हणाली, "बाचा ऊसतोडीचा टरक निंगतानी रडू नाई, अपशकुन होते, आजी म्हणे. मी रडली. म्हणून बाचा पाय मोडला. शाळेतून टरक दिसतेत. तोंड उघडलं तं रडू येईन."

बाईंनी सेवादासला हाक मारली. लेकीचे बोलणे बाईंकडून ऐकून तो तिच्याशेजारी बसला. "अवं येडे, मी उसाच्या ओल्या पाचटावर घसरलो! तुह्या रडण्यानं पाय मोडते काय? टरकात मी बी रडलो होतो न वं, लपून."

संगीता मोठ्याने रडली. मागोमाग येऊन बसलेली आजीही रडली. वर एवढी माणसे बसूनही मला हलके वाटले. वसतिगृहाचे नाव पुन्हा कोणी काढले नाही.

दिवाळीनंतर ऊसतोडीचा ट्रक पुन्हा निघाला, तेव्हा संगीता पोटभर रडली म्हणे. बाप सुखरूप परतला. आता वर्गात तिला गप्प बसवता बसवता गुरुजींच्या नाकी नऊ येतात.

मित्रांनो, तीन पायांवर बाकडे उभे राहते, पण डुलते. लेकराविषयी सगळ्यांना विचारा, आणि लेकरालाही विचारा. अन् जमलेच, तर माझ्या आखूड पायाखाली एखादी लाकडाची पाचर सरकवा.