पाच गुणिले पाच

"घाल हात," देवमन म्हणाला.

हेमलानं खिडकीच्या गजांतून हात घातला. कोपरापर्यंत गेला आणि अडकला. आत, जिथं पेपरांची पेटी ठेवायची होती ती जागा खडूनं आखलेली होती. हेमलाची बोटं तिथून चांगली दोन हात लांब राहिली. देवमननं शिंप्याकडून मागून आणलेल्या टेपनं अंतर मोजलं, कागदावर लिहिलं. मग त्यानं हेमलाला तुराटी आणायला लावली, तिच्या टोकाला तारेचा आकडा बांधला आणि पुन्हा हात घालायला सांगितलं. या खेपेला आकडा बरोबर खडूच्या रेघेवर टेकला.

"पेटी निंगते का ह्या गजातून, बाबू?" हेमला वैतागून म्हणाला. उन्हात उभं राहून त्याचा जीव कासावीस झाला होता.

"पेटी नाई निंगत. पन चोराच्या बाजूनं इचार करा लागते."

देवमन खिल्लारे मानोऱ्याच्या हायस्कुलात कारकून होता. मॅट्रिकचे पेपर परीक्षेच्या आठ दिवस आधी लाखेचं सील लावलेल्या पेटीतून यायचे आणि रेकॉर्डच्या खोलीत दोन कुलपांत राहायचे. एक किल्ली हेडमास्तरांकडे, दुसरी देवमनकडे. मागच्या साली कुठल्याशा दुसऱ्या केंद्रावर पेपर फुटला होता. म्हणून यंदा, म्हणजे चौऱ्याहत्तर साली, बोर्डानं सगळ्या केंद्रांच्या कारकुनांना एक दिवस अकोल्याला बोलावून घेतलं. तिथं एका म्हाताऱ्या साहेबांनी फळ्यावर तीन रकाने आखून दाखवले. धोका कुठून, किती सहज आणि नुकसान किती. सहजला एक ते पाच, नुकसानाला एक ते पाच, आणि दोन्हींचा गुणाकार. गुणाकार पंधराच्या वर गेला की ती जागा बदला, नाही तर तो माणूस बदला. माणूस चांगला का वाईट हे बघायचं नाही, त्याचा हात कुठवर पोचतो तेवढंच बघायचं, असं साहेब म्हणाले. आणि शून्य कुणालाच लिहू नका म्हणाले, कारण शून्य म्हणजे तो माणूस तिथं नाहीच.

बाकीच्या कारकुनांनी त्यातलं अर्धं अकोल्याच्या स्टँडवर चहा पितानाच विसरून टाकलं. देवमन मात्र असा मनुष्य, की औषधाच्या बाटलीवर 'हलवून घ्या' लिहिलं असेल तर हात दुखेपर्यंत हलवणार. त्यानं फुलस्केप कागद घेतला, पट्टीनं रेघा मारल्या आणि चार दिवस शाळेभर मोजत हिंडला. खिडकी, दोन गुणिले पाच, दहा. छपराचं टिन, एक गुणिले पाच. मग माणसं. हेडमास्तर जगदेवराव यांची किल्ली घरी देवळीशेजारच्या खिळ्याला लटकलेली असायची आणि घरात येणारेजाणारे पुष्कळ. चार गुणिले पाच, वीस. हे त्यानं लिहिलं आणि नेऊन हेडमास्तरांच्या टेबलावर ठेवलं. माणूस भिडस्त, पण कागद हातात असला की त्याला भीड राहत नसे. जगदेवरावांनी आधी चष्म्यावरून पाहिलं, मग हसले आणि खिळ्यावरची किल्ली त्या दिवसापासून कोटाच्या आतल्या खिशात गेली. देवमननं चार खोडून एक केला.

हेमलाला वाचता येत नव्हतं. शिपाई म्हणून त्याची सतरा वर्षं झाली होती, सही अंगठ्याची. टेप गुंडाळून झाल्यावर त्यानं कागद वाचून दाखवायला सांगितला. 'हेमला, झाडलोट, दोन गुणिले पाच' असं ऐकल्यावर त्यानं टेप खिडकीत ठेवून दिला. सतरा वर्षांत खडूचा तुकडा घरी नेला नाही, असं तो म्हणाला. देवमननं त्याला समजावलं की यात चोर म्हणण्यासारखं काही नाही, खुद्द हेडमास्तर लिहिलेत, गोविंदा मास्तरांपर्यंत सगळ्यांची नावं लिहिलीत. हेमलानं सगळी नावं बोटांवर मोजली.

"तुमचं काहून नाई?" तो म्हणाला.

"माहं?"

"मले लेकरू नाई परीक्षेले. तुमची बेबी हाये."

तो टोमणा नव्हता. हेमला पाणी भरायला निघूनही गेला. देवमन मात्र खिडकीशी तसाच उभा राहिला. इतक्या दिवसांत एकदाही आपलं नाव डोक्यात आलं नाही, याची त्याला मनापासून लाज वाटली.

टेबलाशी बसून त्यानं खाली नवी ओळ आखली. किल्ली कमरेला. खोलीत एकट्यानं गेलं तर कुणी हटकणार नाही. शाळेतून जाणाऱ्या गठ्ठ्यांवर लाख वितळवायची ती त्यानंच, पितळी शिक्का मारायचा तो त्यानंच. सील फोडून पुन्हा जसंच्या तसं करणारा सगळ्या तालुक्यात तो एकच. आणि पोरगी यंदाच मॅट्रिकला. सहज पाच, नुकसान पाच. पंचवीस. सगळ्या कागदावर एवढा मोठा आकडा दुसरा नव्हता.

ही किल्ली म्हणजे काय होतं, ते सांगितलं पाहिजे. देवमनचा आजा इंझोरीला ज्या ओसरीच्या खाली उभा राहून बोलायचा, त्या ओसरीवरची पोरं आता ज्या पेपरावर पास-नापास व्हायची, त्याची किल्ली देवमनच्या करदोड्याला असायची. दर साली पेटी येण्याच्या आदल्या दिवशी त्याची बायको लिलाबाई करंज्याच्या बाजारातून आणलेला नवा काळा करदोडा द्यायची आणि किल्ली स्वतः गाठ मारून बांधायची. परीक्षा संपेपर्यंत तो किल्लीसकट आंघोळ करायचा. वस्तीतल्या बाया लिलाबाईला चिडवायच्या, आणि तिला ते चिडवणं फार आवडायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाकरी खाताना त्यानं किल्ली देऊन टाकायचं घरात काढलं. लिलाबाईचा हात तव्यावरच थांबला. तुमी काय चोर हा का, असं तिनं विचारलं. आपल्या हातानं आपलं नाव वर लिहायचं आणि किल्ली द्यायची, मग लोक काय म्हणतील? काढून घेतली म्हणतील. ह्यांना दिलीच कायले होती, हेही म्हणतील. किल्ली आल्यापासून सात वर्षांत एक माणूस बोट दाखवू शकला नाही आणि आता आपणच दाखवायचं? तिचं काहीही चुकत नव्हतं. पोरीला करंज्याच्या केंद्रावर बसवायचं म्हटलं तर फॉर्म भरून तीन महिने होऊन गेले होते.

बेबी दारात भूमितीचं पुस्तक घेऊन बसली होती. बोलायची कमीच. तिनं पुस्तक मिटलं.

"देऊन टाका बाबा," ती म्हणाली. "मी पास झाली तं लोक किल्लीचं नाव घेतीन. माहं नाई घेनार."

लिलाबाईनं तव्यावरची भाकरी जळू दिली. देवमननं हात धुतले, कपडे केले आणि वाटेत कुठं न थांबता शाळेत गेला.

जगदेवरावांनी कागद दोनदा वाचला. हे कुणी मागितलं होतं, म्हणाले. बोर्डाकडे हा कागद जाणार, त्यावर पंचवीसचा आकडा आणि पुढं तुझं नाव. उद्या हेडक्लार्कची जागा निघाली तर हाच कागद कुणीतरी पुढं करेल. मग त्यांनी आवाज खाली आणला.

"देवमन, माझा तुझ्यावर भरवसा आहे."

"भरवशाचा रकाना नाही सर," देवमन म्हणाला, आणि गाठ सोडायला लागला. लिलाबाईची गाठ, लवकर सुटेना. शेवटी हेडमास्तरांनी टेबलावरची कात्री पुढं केली. किल्ली गोविंदा मास्तरांकडे गेली. त्यांच्या घरी पोरंबाळं परीक्षेला नव्हती, आणि त्यांना लाख लावता येत नव्हती. एक गुणिले पाच.

गावात बातमी जायला काय लागतं? स्टँडवरच्या चहाच्या दुकानात संध्याकाळच्या आत देवमनची किल्ली काढून घेतल्याचं ठरूनही गेलं होतं. काहीतरी असल्याशिवाय काढत नाहीत, असंही एकजण म्हणाला. देवमन तिथंच बाकावर होता. त्यानं चहा संपवला, कप धुवायच्या बादलीपाशी ठेवला. सांगायला गेलो तर दहा जणांना सांगावं लागेल आणि पाच जण मानतील, एवढा हिशोब त्याला येत होता. पण त्याला वाईट वाटलं. लिलाबाई तर पंधरा दिवस विहिरीवर बाया पांगल्यावरच जायची.

पेपरांच्या दिवसांत त्यानं रजा टाकली. शाळेच्या फाटकाबाहेर निंबाखाली बसून राहायचा. अकराची घंटा झाली, की आत पेटी उघडत असेल, सील फुटत असेल, असं त्याच्या मनात यायचं आणि हात आपसूक कमरेला जायचा. तिथं नुसता करदोडा असायचा. फाटकावर हेमला असायचा. तो एकदा पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आला आणि त्याच्याशेजारी बसला.

जूनमध्ये निकाल लागला. बेबी खिल्लारे केंद्रात पहिली आली. गणितात शंभरात एक्याण्णव.

त्या दिवशी देवमन मुद्दाम चहाच्या दुकानात गेला. कपाशीच्या पेरणीची गडबड होती, तरी बाकावर चारपाच जण होतेच. मग एकानं, नाव घेण्यात अर्थ नाही, हसत सुरुवात केली की बापच पेटीपाशी म्हटल्यावर पोरगी पहिली येणारच. दुकानवाला इंद्रभान दूध ढवळत होता. मान वर न करता म्हणाला, "किल्ली कुठी होती त्याच्यापाशी? यंदा तं काढून घेतली होती ना त्याची."

बाकावरच्यांनीच ती गोष्ट गावभर केली होती, आता नाही कशी म्हणणार? ज्यानं सुरुवात केली त्यानंच मग मान हलवली. खरंच शिकली म्हनजे पोरगी, असं म्हणाला. देवमननं सगळ्यांना चहा सांगितला. डोळे भरून आले होते, म्हणून तो दुकानाच्या पाट्यांकडे बघत बसला.

बेबी पुढं अमरावतीला शिकायला गेली, नर्स झाली. ती वेगळी गोष्ट आहे.

पुढच्या फेब्रुवारीत लिलाबाईनं बाजारातून नवा करदोडा आणला. तिनं पैसे मागितले नाहीत, काही विचारलं नाही, नुसता आणून खुंटीला लावून ठेवला. आता घरात परीक्षेचं कुणी नव्हतं. देवमन वाट बघत राहिला. पेटी यायच्या आदल्या दिवशी जगदेवराव जाताजाता म्हणाले, की किल्ली गोविंदा मास्तरांकडेच राहू दे, चाललंय ते सुरळीत चाललंय. आणि लाख लावायला आता त्यांनाच शिकव. त्यांच्या मनात वाकडं काही नव्हतं. देवमन हो म्हणाला.

यंदाचा कागद मात्र त्यालाच करायचा होता. त्यानं पट्टीनं रेघा मारल्या. गोविंदा मास्तरांचा एक वाढून दोन झाला, कारण ते लाख शिकणार होते. हेमलाचे दोनाचे दोन. सर्वांत खाली त्यानं लिहिलं, देवमन खिल्लारे. नुकसानाच्या रकान्यात पाच. सहजच्या रकान्याशी टाक थांबला. शून्याबद्दलचं अकोल्याच्या साहेबांचं बोलणं त्याला शब्दन्‌शब्द आठवत होतं. तरी त्यानं तिथं शून्य लिहिलं, गुणाकार केला आणि पुढं पुन्हा शून्य लिहिलं.

मग शाई वाळेपर्यंत थांबला आणि खिडकी मोजायला हेमलाला हाक मारली.