सतरावी गळती

"आर, ई, ए, डी. मंग कंस. एन, ओ, डी, ई. कंस बंद. अर्धविराम." केसरबाई वाचत होत्या. ओळ सुटू नये म्हणून बोट पडद्यावर टेकवलेलं होतं.

"त्याच्या खाली?" उकंडरावांनी विचारलं. ते डोळे मिटून बसले होते. उघडे ठेवून फारसा फरक पडत नव्हता.

"खाली निस्ता महिरपी कंस. बंद झाला."

"बरं. समजलं मले."

केसरबाईंची शाळा सातवीत सुटली. इंग्रजी अक्षरं येत, शब्द येत नव्हते. गेले दोन महिने जेवणं आटोपली की त्या नवऱ्याजवळ बसून कम्प्युटरचा पडदा अक्षर-अक्षर वाचून दाखवत होत्या. बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर उकंडरावांनी बसवून पाहिलं होतं. त्या जुन्या मशीनवर ते चालता चालता गप्प व्हायचं.

उकंडराव संग्रामपूरच्या एका कॉलेजात सव्वीस वर्षं लॅब असिस्टंट होते. मुलांनी लिहिलेला प्रोग्राम मशीनला कळेल अशा रूपात उतरवणारा कंपायलर लॅबमधल्या कम्प्युटरांवर अर्ध्यात अडकून पडायचा. मशीन भंगार झालीत, असं म्हणून सर मोकळे व्हायचे. उकंडरावांना ते पटलं नाही. कंपायलर जगभरच्या लोकांनी मिळून फुकट लिहिलेला होता, कुणीही आत उघडून पाहावा असा. त्यांनी तो उघडला. काम करताना तो मेमरीतली जागा मागून घ्यायचा आणि काही ठिकाणी परत द्यायचीच राहून जायची. अशी अडकलेली जागा वाढत जाऊन मशीन बंद पडायचं. कम्प्युटरवाले याला गळती म्हणतात.

पहिली गळती शोधायला आठ महिने लागले. शब्दकोश शेजारी ठेवून लिहिलेल्या इंग्रजी पत्रासोबत त्यांनी दुरुस्ती पाठवली. प्रकल्पाची देखरेख करणाऱ्या हेल्गाबाईंनी दूरदेशाहून दोन ओळींत आभार मानले. नऊ वर्षांत उकंडरावांनी अशा सोळा गळत्या बुजवल्या. इतरांचं काम तपासणाऱ्यांच्या यादीत त्यांचं नाव लागलं. संग्रामपुरात हे कुणाला ठाऊक नव्हतं.

मग काचबिंदू निघाला. डावा डोळा कळायच्या आतच गेला होता. "गेलेली नजर येत नाही, उरलेली टिकवायची," अकोल्याचे डॉक्टर म्हणाले. थेंब घातले, ऑपरेशन झालं. उजव्या डोळ्यात उरलेलं नजरेचं भोक आवळत आवळत बोटाएवढं झालं, आणि उन्हाळ्यात तेही धुरकटलं.

सतरावी गळती सगळ्यांत मोठी होती. येत्या शुक्रवारी निघणारी कंपायलरची आवृत्ती जुन्या मशीनवर चालणारी शेवटची होती. त्यानंतर जुन्या मशीनसाठीचा भागच काढून टाकणार होते.

"एवढी एक बुजवू दे मले," ते केसरबाईंना म्हणाले होते. "मंग मी कम्प्युटरले हात नाही लावत."

वाचून दाखवलेल्या त्या जागी काम संपत होतं, म्हणून जागा परत देणारी एक ओळ त्यांनी तिथं घातली. टाइप करायला त्यांना डोळे लागत नव्हते. चाचणी चालवली. अडकलेली जागा वाढली नाही. रविवारी त्यांनी दुरुस्ती पाठवली. त्या दिवशी ते दोन भाकरी जास्त जेवले.

बुधवारी हेल्गाबाईंचं पत्र आलं. ते वाचायला केसरबाईंना अर्धा तास लागला. उकंडराव अक्षरं जुळवत गेले आणि त्यांचा चेहरा उतरत गेला. नव्या दुरुस्तीमुळे कंपायलर तीन ठिकाणी मधेच कोसळत होता. दुरुस्ती मागे घेतली होती. पुन्हा एकदा पाहाल का, असं त्यांनी विचारलं होतं.

"ती जागा वाच बरं परत. घाई नको करू."

केसरबाईंनी वाचलं. "एन, ओ, डी, ई. कंस बंद. अर्धविराम. मंग खाली के, ई, ई, पी. कंस. एन, ओ, डी, ई. कंस बंद. अर्धविराम. मंग महिरपी..."

मांडीवर अक्षरं गिरवणारं उकंडरावांचं बोट थांबलं. ही मधली ओळ त्या दिवशी आली नव्हती. ती जागा पुढे पुन्हा लागणार, जपून ठेव, असं ती ओळ सांगत होती. दोन्ही ओळींचा शेवट सारखा. बोट एका ओळीवरून तिसरीवर गेलं होतं.

"काऊन थांबले? आवो, माह्याकून काही सुटलं काय?"

"नाही. तू वाचलं होतं. माह्याच ध्यानात नाही राह्यलं."

"खरं सांगा."

"खरंच सांगून राह्यलो, केसर."

दोन दिवस हातात होते. ओळ हलवून पुन्हा पाठवता आली असती. पण ऐकलेल्या अक्षरांच्या भरवशावर लाखो लोकांच्या मशीनमध्ये हात घालायचा त्यांना धीर होईना. त्यांनी कीबोर्ड पुढे ओढला. चूक कोणत्या ओळीत आहे, जागा कुठे परत द्यायला हवी, ते लिहिलं. चूक माझी आहे, असं लिहिलं. तपासणाऱ्यांच्या यादीतून माझं नाव काढा, असंही.

"वाच पाहू, बरोबर हाय का."

केसरबाईंनी वाचलं. एका शब्दाशी थांबल्या. "बी, एल, आय, एन, डी. म्हंजे काय हो?"

"आंधळा."

केसरबाईंनी पदराचं टोक तोंडाशी धरलं. मग पुढची अक्षरं वाचायला घेतली.

शुक्रवारी आवृत्ती निघाली. उकंडरावांनी सांगितलेली दुरुस्ती करून तपासायला कुणालाच सवड झाली नव्हती. सतरावी गळती तिच्यात तशीच राहिली.

सोमवारी केसरबाई त्यांना धरून कॉलेजात घेऊन गेल्या. नोकरीच्या राजीनाम्याचा कागद तयार होता. क्लार्क गोविंदा लहानपणापासून ओळखीचा. त्याने शाईची डबी उघडून पुढे सरकवली.

"अंगठा चालते, उकंडभाऊ. मी बोट धरतो तुमचं."

"अंगठा नाही. पेन दे."

गोविंदाने पेन दिलं आणि सहीच्या जागेखाली पट्टी धरली. उकंडरावांनी डाव्या हाताने पट्टीची कड चाचपली. नाव, वडलांचं नाव, आडनाव, सगळं सावकाश लिहिलं. आडनाव कागद ओलांडून टेबलाच्या काचेवर उतरलं.

"बसली काय ओळीत?"

गोविंदाने केसरबाईंकडे पाहिलं.

"बसली," त्या म्हणाल्या. "चांगली आली."