कापराविना घंटा

लातुरात चंद्रप्पांच्या घरी दर सोमवारी दिवेलागणीला शिवानुभवाची, म्हणजे लिंगायत मंडळींच्या धर्मचर्चेची, बैठक बसायची. आडत बाजारातली पाच-सहा माणसं यायची. कपाळाला विभूती, आणि दिवसभर सोयाबीनच्या भावावर बोलून बसलेला घसा. तरी आत्म्याचा विषय निघाला की कुणी उठायचं नाव घ्यायचं नाही. त्यांना चहा नेता-आणता अंजूला, म्हणजे चंद्रप्पांच्या सुनेला, आत्म्याबद्दल बरंच कळलं होतं. स्वतःच्या पोरीच्या कानांबद्दल मात्र काहीच कळत नव्हतं.

अक्षरा पावणेदोन वर्षांची झाली तरी बोलत नव्हती. 'आई' नाही, 'दे' नाही. हवं ते बोटानं दाखवायची आणि मिळालं की डोळ्यांनी हसायची. अंजू तिच्या मागे उभी राहून टाळ्या वाजवायची, चमचे पाडायची. पोरगी वळली तर अंजूला वाटायचं, सावली दिसली असेल. नाही वळली तर वाटायचं, खेळात असेल. कॉलेजात तर्कशास्त्राच्या तासाला अनुमानातल्या चुका तिनं पाठ केल्या होत्या. आता त्या सगळ्याच्या सगळ्या घरी राहायला आल्यासारख्या झाल्या होत्या. झोपून उठलं तरी थकवा उतरलेला नसायचा.

तिचा नवरा श्रीशैल नांदेडला रेल्वेच्या ऑफिसात होता, शनिवारी यायचा. तिथल्या कानाच्या डॉक्टरांची वेळ त्यानं घेतली होती, ती चंद्रप्पांनी मोडायला लावली. आता दुसरी बुधवारची मिळाली होती. बाबांना दुखवू नको आणि वेळही मोडू नको, असं तो फोनवर सांगायचा. दोन्ही एकदम कसं करायचं, असं अंजूनं विचारलं की नेमका त्याला कुणीतरी साहेब हाक मारायचा.

चंद्रप्पा वाईट नव्हते. पोरीवर त्यांचा जीव होता, आणि अडचण तिथंच होती. त्यांची आई शेवटची काही वर्षं मौनात राहिली होती. हातानं खुणा करायची, डोळ्यांनी हसायची. ती गेली आणि वर्षाच्या आत अक्षरा जन्मली. पोरीचं न बोलणं म्हणजे आईचंच मौन, त्याला डॉक्टर कशाला, असं ते धरून चालले होते. दुकानातून आले की चंद्रप्पा तिला मांडीवर घेऊन 'माय आली माझी' म्हणायचे, आणि त्या वेळी त्यांच्या तोंडाकडं बघून अंजूला पुढचं काही बोलवायचं नाही.

त्या सोमवारी बैठकीत हाच विषय निघाला. तत्त्वज्ञान शिकवून निवृत्त झालेले उमाशंकर सर म्हणाले की आई लिंगैक्य झाली असं आपणच म्हणतो, बसवून समाधी आपणच दिली. मग लिंगात मिळालेला जीव परत येतो कसा? चंद्रप्पांनी उत्तर दिलं की आत्म्याला कुणी काट्यावर घालून पाहिलेलं नाही. जे दिसत नाही त्याचा अंदाजच करावा लागतो, आणि खुणा तर समोर खेळत आहेत. सरांना हे पटलं नाही पण आवडलं. दोन्हीकडून दाखले निघाले. मग कुणीतरी पोरीला ऐकू येतं ना, असं सहज विचारलं.

"हाव, येतंय की," चंद्रप्पा म्हणाले. "आरतीची घंटा वाजली की मान वर करती. रोज बघून राहिलोय मी."

बायकांना बोलायला त्या बैठकीत मनाई नव्हती, उलट तसाच रिवाज होता. पण चहा करणारीला बोलायला सवड कुठली? अंजूनं ट्रे खाली ठेवला.

"मामा, घंटा वाजते तेव्हाच कापूर पेटलेला असतो. ती आवाजाला बघते का जाळाला, हे आपल्याला कसं कळणार?"

मग सिद्धराम अडत्या म्हणाला, "चंद्रप्पा, सूनबाईनं तुमचा माल परत पाठविला की." सगळे हसले. चंद्रप्पा हसले नाहीत. पूजा परीक्षा घ्यायला नसते, एवढंच म्हणाले आणि कप उचलला.

अंजूला जिंकल्यासारखं वाटलं नाही. नुसता थकवा वाटला, आणि आपलं म्हणणं खोटं निघावं असंही वाटलं.

सकाळी नेहमीप्रमाणे चंद्रप्पा पूजेला बसले. डाव्या तळहातावर इष्टलिंग, त्यावर बेलाचं पान. शेजारी सासूबाई साखराबाई घंटा घेऊन. सतरंजीवर अक्षरा बेलाची पानं एकाखाली एक मांडत होती. अंजू दारात उभी होती.

आरतीची वेळ झाली. चंद्रप्पांनी कापराची वडी ठेवली, पण काडी ओढली नाही. साखराबाईंना मानेनं खूण केली. त्या गोंधळल्या, कापराविना घंटा या घरात कधी वाजलेली नव्हती. चंद्रप्पांनी दुसऱ्यांदा खूण केली तेव्हा वाजली.

अक्षरानं एक पान सरळ केलं. मग दुसरं.

चंद्रप्पांनी हात वर करून घंटा थांबवली. अंजूला पुढं यायला सांगून काडी ओढायला लावली. घंटा आता वाजत नव्हती. कापूर पेटला, आणि पोरीनं मान वर करून डोळ्यांनी हसून दाखवलं.

चंद्रप्पा लिंगाकडं बघत राहिले. कापूर जळून विझला तरी तळहात तसाच होता.

"मामा," अंजू हळू म्हणाली, "हा पण पक्का पुरावा नाही. खेळात असेल ती. खरं काय ते डॉक्टरांचं मशीनच सांगेल."

"आता तूच मला धीर देऊ नको, माय." त्यांनी लिंग वस्त्रात गुंडाळून गळ्यात घातलं. "सर बरोबर बोलले. आई गेली माझी. ही अक्षरा हाय. हिला दाखवू."

बुधवारी सकाळच्या नांदेडच्या एसटीत ते अंजूच्या शेजारी बसले, पोर मांडीवर. गाडी अहमदपूर सोडून निघाली तेव्हा रानात मोर दिसला. चंद्रप्पांनी सवयीनं हाक मारायला तोंड उघडलं, आणि मिटलं. मग अक्षराच्या दंडाला हलकेच हात लावला. तिनं वर त्यांच्याकडं बघितल्यावर खिडकीबाहेर बोट केलं.

अंजूनं डोकं मागं टेकवलं. थोडा वेळ आता पोरीकडं दुसरं कुणीतरी बघत होतं.