पाच बोल्ट, सहा बोल्ट

“हे बघ, बोल्ट भोकात आहे आणि शेजारून माझ्या पेचकसाचं टोक आत जातंय,” मिस्त्री म्हणाला. “हे भोक राहिलं नाही, खिडकी झाली.”

हे गुडघ्यांवर हात ठेवून वाकून बघत होते. मी दारात उभी होते. पिकअपचं मागचं चाक काढून भिंतीला टेकवलं होतं. त्याच्या मधल्या पाच भोकांपैकी एकही गोल उरलं नव्हतं. दोन भोकांच्या मधे केसासारखी भेग गेली होती.

लग्नानंतर दुसऱ्या वर्षी घेतलेली ती गाडी. ह्यांनी तिच्यात जन्मभर बर्फ वाहिला. पहाटे कारखान्यातून लाद्या भरायच्या, वर भुसा आणि पोती टाकायची आणि दुपारपर्यंत मासळीच्या दुकानांत, खाणावळींत, सरबताच्या गाड्यांवर पोहोचवायच्या. ओळखीचे लोक ह्यांना ‘गारवा’ म्हणायचे. मागच्या हौद्यातून दिवसभर पाणी गळायचं ते नेमकं मागच्या चाकांवर. लोखंड किती सोसणार? आदल्या आठवड्यात वळणावर मागचं चाक डुगडुगलं, दोन नट उडाले. कारखान्याच्या मॅनेजरने सांगितलं, “चाकं धड करा आणि मगच फाटकात या. तोवर मी दुसरी गाडी लावतो.”

पण तसली पाच बोल्टांची चाकं आता कुठेच मिळत नव्हती. कंपनीने ती गाडी बनवणं कधीच सोडलं होतं. भंगारवाल्यांकडे निघायची ती सगळी सहा बोल्टांची.

“मधे पाचाची सहा करणारी तबकडी घालून नाही जमणार? बाजारात मिळते म्हणे,” ह्यांनी विचारलं.

“मिळते ना. बाजारात उंदराचं औषधही मिळतं,” मिस्त्री म्हणाला. “बर्फाचा भार घेऊन ती तबकडी किती दिवस टिकेल?”

“मग चाकामागच्या आहे त्याच हबला सहा भोकं पाडू.”

“पाचाच्या जागेत सहा पाडायची म्हटलं, की कुठेतरी नवं जुन्याला चिकटणारच. मग धरायला लोखंड उरलं कुठे? गारवा, एकच रस्ता आहे. पुढचे हब आणि मागचा अख्खा एक्सल दुसऱ्या गाडीचा घालायचा. चाकांसकट. ह्याच कंपनीची, नंतरची गाडी पाहिजे.”

एवढं बोलून तो पेचकस पुसू लागला. तशी गाडी कुठे उभी आहे, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं.

माझे मोठे दीरही बर्फच वाहायचे. त्यांनी आमच्यानंतर गाडी घेतली, म्हणून त्यांची सहा बोल्टांची. ते तापाने गेले तेव्हा मुलगा नोकरीसाठी परदेशी निघाला होता. जाताना आईला म्हणाला, “गाडी विकू नकोस. वर्ष-दोन वर्षं पैसे जमवतो आणि येऊन बाबांचा धंदा मीच बघतो.” तेव्हापासून ती अंगणात उभी होती. गादीला ऊन दाखवावं तशी जाऊबाई तिची दोन्ही दारं उघडून ठेवायच्या, संध्याकाळी लावून घ्यायच्या. मुलाची पत्रं आधी दर महिन्याला यायची. मग सणवार बघून फोन येऊ लागले. अलीकडे तेही ‘कामात आहे, नंतर बोलतो’ एवढंच.

हे तीनदा त्यांच्याकडे जाऊन आले. तिन्ही वेळा तसेच परतले.

“काय म्हणाल्या?”

“काही नाही. नळ गळत होता, वायसर बदलला.”

दुसऱ्यांदा खिडकीची कडी बसवून आले. तिसऱ्यांदा काय दुरुस्त केलं ते मी विचारलंच नाही. चौथ्या खेपेला मीच बरोबर गेले.

जाऊबाईंनी चहा ठेवला, कप पुढे केले आणि म्हणाल्या, “भाऊजी, आता माझ्या घरात मोडकं काही उरलं नाही. मागायला आलात ना? मग मागा की. मिस्त्रीच्या बायकोने कधीच सांगितलंय मला.”

ह्यांचे कान लाल झाले. “वहिनी, चाकं आणि चाकांखालचं सगळं लागेल. नुसती चाकं असती तर…”

“आणि ती विटांवर उभी राहणार?”

ह्यांनी कप खाली ठेवला.

“विटांवरची गाडी लांबून कळते, भाऊजी. उद्या तो आला, फाटकातून त्याला तेच दिसलं, तर आल्या पावली मागे फिरेल. म्हणेल, आईने वाट बघणं सोडलं.”

मला बोलायचं होतं. जो येतच नाही तो मागे कसा फिरेल? पण त्यांच्या तोंडाकडे पाहून चहाच पिऊन टाकला.

हे अंगणात गेले. गाडीभोवती एक फेरी मारली, खाली वाकून पाहिलं आणि परत येऊन म्हणाले, “विटांवर नाही राहणार. माझ्या गाडीचं निघेल ते सगळं हिच्याखाली बसवून देतो. एक्सल, हब, चाकं. हिला पाच बोल्ट, मला सहा.”

“मग चालेल ती?”

“रस्त्यावर नाही. फाटकापर्यंत ढकलता येईल. पण चाकांवर उभी राहील.”

“तेवढं पुरे,” जाऊबाई म्हणाल्या आणि उठून किल्ली घेऊन आल्या. किल्लीची तशी काही गरज नव्हती. ह्यांनी ती दोन्ही हातांनी घेतली.

मिस्त्रीने हे ऐकलं आणि कपाळाला हात लावला. “मेलेल्या गाडीला एक्सल? अरे, काढायला जेवढी मेहनत तेवढीच घालायला. आणि तेही गंजलेलं! मी तुझी गाडी करून देतो. तिकडे मी पान्यालाही हात लावणार नाही.”

“नको लावूस. मी लावतो.”

आमच्या गाडीचं काम मिस्त्रीने शब्दाला जागून झटपट उरकलं. दिरांच्या गाडीचा एक्सल आमच्या स्प्रिंगच्या पाट्यांखाली थोडं घासून-पुसून बसला. चाकं आधीपेक्षा बोटभर बाहेर आली एवढंच. ब्रेक लागले. ह्यांनी गल्लीत एक चक्कर मारली. उतरल्यावर बॉनेटवर थाप मारली, तशी कित्येक वर्षांत मारली नव्हती.

“आता आधी कारखान्यात जाऊन तोंड दाखवून या,” मी म्हटलं.

“वहिनींची गाडी विटांवर आहे.”

“ती कुठे पळून जात नाही. तुमचं गिऱ्हाईक जाईल.”

“शब्द दिलाय मी.”

“तुमचा शब्द दोन दिवस थांबला तर आंबणार आहे का?”

हे हसले, पण पाने पिशवीत भरून तिकडेच गेले. साठी उलटलेला माणूस एकटा गाडीखाली झोपून गंजलेल्या बोल्टांशी भांडत होता. एक बोल्ट सुटायला दुपार जायची. मी भाकरतुकडा घेऊन जायचे आणि पाना धरायला बसायचे. जाऊबाई मधूनमधून विचारायच्या, “भाऊजी, जमेल ना?” गाडीखालून आवाज यायचा, “का नाही जमणार?” एकदा जॅक सरकला आणि ह्यांचा तळहात सोलून निघाला. तो बांधून त्याच हाताने पुढचं काम केलं. हिवाळा संपून उन्हं तापू लागली होती, म्हणजे बर्फाला मागणी सुरू झाली होती.

शेवटी ती गाडी विटांवरून उतरली. चार झिजलेल्या चाकांवर, थोडी एका अंगाला कलून, पण उभी.

दुसऱ्या दिवशी पहाटे कारखान्यात जाताना मीही बरोबर गेले. फाटकाशी एक नवी कोरी गाडी लाद्या भरत होती. ह्यांचा नेहमीचा हमाल तिच्यावर भुसा टाकत होता. आम्हाला पाहून त्याने मान खाली घातली.

मॅनेजर माणूस वाईट नव्हता. ह्यांना खुर्ची दिली. “काका, मी वाट बघितली. ऊन पडलं, दुकानदार ओरडायला लागले. मग काय करणार? त्या माणसाला हंगामभराचा शब्द दिला. आणि खरं सांगू? पुढच्या वर्षी कारखाना तरी राहील की नाही, देव जाणे. ज्याच्या त्याच्याकडे आता बर्फाचं यंत्र.”

हे खुर्चीतून उठले. मग म्हणाले, “चाकं तरी बघून घ्या.”

“अहो, राहू द्या काका.”

“नाही, बघा. तुम्ही म्हणाला होतात, धड करून आणा.”

मॅनेजर बाहेर आला. आमच्या गाडीपाशी वाकला. बघायचं काय हे त्याला कळत नव्हतं, म्हणून त्याने बोटाने बोल्ट मोजले. “सहा आहेत,” तो म्हणाला. “छान केलंत.”

“घट्ट आहेत,” हे म्हणाले.

परत येताना हौदा रिकामा होता, तरी ह्यांनी वळणावर गाडी भरलेली असावी तशी हळू घेतली. बोलण्यासारखं सगळं मी आधीच बोलून बसले होते.

पुढे मिळतील त्या फेऱ्या केल्या. कुणाचं सामान हलव, कुणाच्या विटा टाक. कारखाना बंद झाला. एका रोपवाटिकेच्या मालकाने आमची गाडी घेतली, चाकं मजबूत आहेत म्हणून. ती गल्लीतून जाताना हे घरात होते. बाहेर आले नाहीत.

जाऊबाईंच्या मुलाने तिकडे घर घेतलं. फोनवर आईला म्हणाला, “त्या गाडीचं काय ते काकांना ठरवू दे.” जाऊबाईंनी हे आम्हाला सांगितलं आणि लगेच म्हणाल्या, “बोलतो तो असा. लहानपणापासून तुटक बोलायची सवय.”

आज हे आणि जाऊबाई दोघंही नाहीत. डोळ्यांपुढे येतात ते त्या अंगणातच. दर रविवारी सकाळी हे पायाचा पंप घेऊन तिकडे जायचे. उभ्या गाडीच्या टायरांतली हवा जातेच, आणि ते टायर तर आधीच थकलेले. जाऊबाई पायरीवर बसून सांगायच्या, “भाऊजी, आज पुढचं डावं बसलंय.”

हे पंप लावायचे. उजवा पाय दुखला की डावा घ्यायचे. मधे थांबून, टायरवर बोटं वाजवून बघायचे.

“आता पुरे की,” एकदा जाऊबाई म्हणाल्या. “परत बसेलच ते.”

“बसू दे, वहिनी,” हे म्हणाले. मग मागच्या चाकाशी जाऊन उकिडवे बसले आणि व्हॉल्व्हची टोपी काढली.