कार्बनची सायकल

"उचलून तर बघा," बाई म्हणाल्या.

त्याने सायकलच्या दांडीखाली हात घातला आणि जोर लावला. सायकल इतकी पटकन वर आली की तोच मागे कलंडायचा राहिला.

"अगंबाई! आत काही आहे की नाही?" त्याची ताई म्हणाली.

"पोकळच असते. कार्बनची ना!" बाई हसल्या.

तो चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा. अर्धं आयुष्य स्टुलावर गेलं, मधली काही वर्षं डायलिसिसच्या खुर्चीत. गेल्या वर्षी ताईने आपली एक किडनी त्याला दिली. आता डॉक्टरांनी व्यायाम सांगितला, तेव्हा शाळेपासून मनात असलेली गोष्ट त्याने पहिल्यांदा बोलून दाखवली. वाकून चालवायची, बारीक चाकांची शर्यतीची सायकल! नवी झेपणारी नव्हती. जाहिरातींत ही जुनी सापडली आणि तो ताईला घेऊन बाईंच्या दारात आला.

बाईंनी तिच्यावर कितीतरी शर्यती मारल्या होत्या. आता त्यांचे हात थरथरायचे, तोल राहायचा नाही. त्यांनी त्याच्या हातात एक नाणं दिलं. "सगळीकडे वाजवून बघा. कुठे आवाज बद्द आला तर आत तडा समजा, घेऊ नका."

आवाज सगळीकडे खणखणीत होता. तरी बाईंनीच सीटखालची केसाएवढी चीर दाखवली. "मी आपटले होते तेव्हाची. तपासून घेतलीय, नुसता रंग गेलाय. पण तुम्हाला माहीत असलेलं बरं."

"कोण सांगतं हो एवढं!" ताई म्हणाली.

"बसणार हे आहेत ना तिच्यावर. काल एकाला परत पाठवलं. त्याला भिंतीवर टांगायची होती."

तो सायकलवर बसला, दोनदा डगमगला आणि निघाला.

"अरे, सावकाश! माझी किडनी आहे आत!" ताई ओरडली.

बाईंनी चमकून तिच्याकडे पाहिलं. मग ताईने सगळं सांगितलं, अगदी थोडक्यात, शेजारणीला वाटीभर साखर दिल्यासारखं.

कोपऱ्यापलीकडे जाऊन तो थांबला. छाती भात्यासारखी चालली होती आणि त्याला हसू आवरत नव्हतं. वर्षभर तो ताईला आभाराचं काही म्हणायला जायचा आणि ती "पुरे रे" म्हणून उठून जायची. परत आला तेव्हा घामाने शर्ट पाठीला चिकटला होता.

"किती दमलास रे!" ताईचा चेहरा उतरला.

"दमलो ना! दमता आलं, ताई. तुझ्यामुळे."

या वेळी ती उठून कुठे जाणार? भर रस्त्यात उभी होती. तिने पदराने त्याचं कपाळ पुसलं. "गप. आधी पाणी पी."

व्यवहार झाला. तो सायकल घेऊन निघणार, तेवढ्यात बाईंनी पुढचं चाक अंगठ्याने दाबलं. "हवा कमी आहे. थांबा."

त्या आतून पंप घेऊन आल्या आणि चाकाशी खाली बसल्या. पंपाचं तोंड व्हॉल्व्हवर बसेना. हात थरथरत होते, तोंड पुन्हा पुन्हा निसटत होतं. ताई पुढे सरसावली. त्याने हळूच तिचं मनगट धरलं. दोघं तिथेच थांबली. बाईंना घाई नव्हती. शेवटी तोंड घट्ट बसलं. त्या उठल्या, पदर खोचला आणि दोन्ही हातांनी हवा भरू लागल्या.